मानहाइमचा पहिला मतदारसंघ : एका बालेकिल्ल्याची हकीकत

‘अमका मतदारसंघ म्हणजे अमक्या पक्षाचा बालेकिल्ला’ हें वाक्य वृत्तपत्रांतून इतक्या सहजपणें येतें कीं, त्याचा अर्थ तपासून पाहण्याची गरज कोणास भासत नाहीं. आपल्याकडील किल्ल्यांचीं कागदपत्रें चाळणाऱ्या संशोधकांस मात्र ठाऊक आहे कीं, बालेकिल्ला हा गडाचा सर्वांत उंच व सर्वांच्या शेवटीं पडणारा भाग असतो. आणि तो कां पडला याचें उत्तर तटबंदींत क्वचित्, शिबंदींत व दाणागोट्यांत बहुधा सांपडतें. हीच कसोटी जर्मनींतील एका शहरी मतदारसंघास लावून पाहावी, असा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. हा मतदारसंघ म्हणजे बाडेन-व्युर्टेम्बेर्ग राज्याच्या विधिमंडळाचा, ज्यास तेथें लांटाग म्हणतात त्याचा, ३५ व्या क्रमांकाचा ‘मानहाइम पहिला’ हा होय.

प्रथम स्थळाचा परिचय करून घेऊं. नेकार नदी ऱ्हाईन नदीस जेथें मिळते, त्या संगमावर मानहाइम वसलें आहे. इ. स. १६०६ मध्यें पॅलॅटिनेटचा इलेक्टर चौथा फ्रीड्रिख यानें येथें किल्ल्याचा पाया घातला व पुढील वर्षीं गांवास शहराचे हक्क दिले. जुनें शहर सोंगट्यांच्या पटासारखें चौकोनी असून त्यांतील घरांच्या चौकांस नांवांऐवजीं अक्षरें व आंकडे आहेत. परका मनुष्य तेथें पत्ता विचारूं लागला म्हणजे त्यास बीजगणिताची आठवण व्हावी! परंतु आमचा मतदारसंघ या पटाबाहेर, मुख्यतः नेकारच्या उत्तरेस आहे. नेकारश्टाट, वाल्डहोफ, केफरटाल, सांडहोफेन, शोनाऊ हे त्यांतील प्रमुख भाग. केफरटाल व त्याबरोबर वाल्डहोफ हीं १८९७ मध्यें शहरांत सामील झालीं; सांडहोफेन १९१३ मध्यें.

हीं गांवें शहरांत आलीं तीं कारखान्यांमुळें. वाल्डहोफ येथें फ्रेंच भांडवलावर आरशांचा कारखाना १८५३ मध्यें निघाला. १८८४ मध्यें कागदाच्या लगद्याचा कारखाना स्थापन झाला. १९०८ मध्यें कार्ल बेंट्झ याच्या कंपनीनें मोटारींची नवी कार्यशाळा तेथेंच बांधली. केफरटाल येथें ब्राउन-बोव्हेरी या स्विस कंपनीनें १९०० च्या सुमारास विजेच्या यंत्रांचें काम सुरू केलें. कारखान्याच्या भोंग्यावर ज्यांचा दिवस चाले, अशा कुटुंबांच्या वस्त्या येणेंप्रमाणें उभ्या राहिल्या, आणि पुढें शंभर वर्षें ज्या मतांवर समाजवादी लोकशाही पक्ष—जर्मन लोक त्यास एस्. पी. डी. म्हणतात—विसंबून राहिला, तीं मतें या वस्त्यांतून आलीं.

मतदानाचा हक्क मात्र या वस्त्यांहून जुना आहे. मानहाइम १८०३ मध्यें बाडेनकडे आलें. बाडेनच्या १८१८ च्या राज्यघटनेनें जें द्विसदनी विधिमंडळ निर्माण केलें, त्याच्या दुसऱ्या सदनांत मानहाइमचे प्रतिनिधि बसत. त्यांपैकीं फ्रीड्रिख डानिएल बासरमान या पुस्तक-प्रकाशकानें १२ फेब्रुवारी १८४८ रोजीं कार्ल्सरूए येथें सर्व जर्मन राष्ट्राची प्रतिनिधिसभा असावी, असा ठराव मांडला. त्यानंतर थोड्याच दिवसांत पॅरिसमध्यें क्रांति झाली, व मानहाइमच्या नागरिकांनीं २७ फेब्रुवारी रोजीं आपल्या मागण्यांचा अर्ज सिद्ध केला. म्हणजे हें शहर मजुरांचें होण्यापूर्वींच राजकारणांत पुढारलेलें होतें. पुढें मजूर-पुढाऱ्यांस जी जमीन मिळाली ती पडीक नव्हती, हें ध्यानांत ठेवावें.

त्या काळची निवडणूक अप्रत्यक्ष असे. मतदारांनीं निर्वाचक निवडावयाचे व निर्वाचकांनीं प्रतिनिधि. प्रशियांत मतदारांचे कराच्या मानानें तीन वर्ग पाडीत आणि ती पद्धति १९१८ पर्यंत टिकली; त्या मानानें बाडेनची रीत पुष्कळच उदार म्हटली पाहिजे. तिच्यांतूनच १८९१ मध्यें समाजवादी पक्षानें बाडेनच्या विधिमंडळांत प्रथम पाऊल टाकलें. त्या पहिल्या प्रतिनिधींपैकीं एक, मूळचा सुतार असलेला आउगुस्ट ड्रेसबाख, हा मानहाइमचा पुढारी होता. १९०४ च्या सुधारणेनें प्रत्यक्ष मतदान आलें व १९०५ मध्यें पहिली तशी निवडणूक झाली. दुसऱ्याच वर्षीं, १९०६ मध्यें, पक्षाची वार्षिक परिषद मानहाइम येथें भरून पक्ष व कामगार-संघ हे परस्परांच्या बरोबरीचे आहेत, असा प्रसिद्ध समेट झाला. आमच्या मतें या मतदारसंघाच्या इतिहासाची किल्ली याच समेटांत आहे. येथील मजूर पक्षास मत देई तें पक्षाचीं पुस्तकें वाचून नव्हे. त्याचा संघ, त्याचा कारखाना, त्याचें क्रीडामंडळ व त्याचा पक्ष यांची एकच मोट बांधलेली होती म्हणून.

या मोटेचें बळ शांततेंत मोजतां येत नाहीं, संकटांत येतें. लुडविग फ्रांक हा ज्यू वकील १९०७ मध्यें मानहाइमतर्फें राइश्टागांत गेला. महायुद्ध सुरू होतांच चाळीस वर्षांच्या वयांत स्वेच्छेनें सैन्यांत दाखल झाला व ३ सप्टेंबर १९१४ रोजीं पडला. ५ जानेवारी १९१९ रोजीं बाडेनच्या घटनासमितीच्या निवडणुकींत येथील स्त्रियांनीं प्रथमच मत दिलें. सर्व जर्मनीच्या राष्ट्रसभेची निवडणूक त्यानंतर दोन आठवड्यांनीं व्हावयाची होती. मग १९३३ आलें. नाझी राजवटीनें प्रांतिक विधिमंडळें प्रथम निर्जीव केलीं, व ३० जानेवारी १९३४ च्या कायद्यानें नाहींशीं केलीं. बाडेनच्या लांटागांतील साम्यवादी सभासद गेओर्ग लेखलाइटर यानें मानहाइमच्या कारखान्यांतील साम्यवादी व समाजवादी मजुरांस एकत्र करून १९४१ मध्यें एक गुप्त पत्रक काढण्यास आरंभ केला. त्याचे मोजकेच अंक निघाले. १५ सप्टेंबर १९४२ रोजीं श्टुटगार्ट येथें त्याचा व त्याच्या सोबत्यांचा शिरच्छेद झाला. प्रतिनिधि हा शब्द आपण नेहमीं सौम्य अर्थानें वापरतों. ज्याचें विधिमंडळ बुडालें आहे त्या प्रतिनिधीनें तो शब्द असा शेवटपर्यंत निभावला.

युद्धानंतर २५ एप्रिल १९५२ रोजीं बाडेन-व्युर्टेम्बेर्ग हें जोडराज्य अस्तित्वांत आलें. त्याची निवडणूक-पद्धति समजून घेतल्यावांचून पुढील हकीकत कळणार नाहीं. २०२१ पर्यंत प्रत्येक मतदारास एकच मत असे. मतदारसंघ ७०, विधिमंडळाच्या जागा किमान १२०. ज्या उमेदवारास मतदारसंघांत सर्वांत अधिक मतें पडतील तो सरळ निवडून येई. अर्ध्याहून अधिक मतें हवींत अशी अट नव्हती. उरलेल्या जागा पक्षांस एकूण मतांच्या प्रमाणांत मिळत व त्या त्या पक्षाच्या हरलेल्या उमेदवारांपैकीं उत्तम कामगिरी करणारांस दिल्या जात. त्यांस ‘दुसरी सनद’ म्हणत. सारांश, तेथें हरलेला उमेदवार विधिमंडळाबाहेर राहीलच असें नव्हे. एकाच मतदारसंघांतून जेता व जित दोघेही कार्ल्सरूएच्या नव्हे, आतां श्टुटगार्टच्या सभागृहांत जाऊन बसत.

हें राज्य एकंदरींत ख्रिस्ती लोकशाही पक्षाचें. १९५३ पासून २०११ पर्यंत त्याचाच मनुष्य मुख्यमंत्रिपदावर होता. अशा राज्यांत उत्तर मानहाइम कसें एकाकी उभें होतें, हें २६ मार्च २००६ च्या निवडणुकीवरून दिसतें. त्या दिवशीं ७० पैकीं ६९ मतदारसंघ ख्रिस्ती लोकशाही पक्षानें जिंकले. उरलेला एक हा. तेथून समाजवादी पक्षाचे फ्रांक मेंट्रुप, जे पुढें २०१३ मध्यें कार्ल्सरूएचे महापौर झाले, ते निवडून आले. २७ मार्च २०११ रोजीं हरित पक्षाची लाट आली. ख्रिस्ती पक्षास ६०, हरित पक्षास ९ मतदारसंघ मिळाले. समाजवाद्यांस पुन्हा एकच, आणि तो पुन्हा हाच. या वेळीं उमेदवार श्टेफान फुल्स्ट-ब्लाय हे होते.

आणि १३ मार्च २०१६ रोजीं बालेकिल्ला पडला. ‘जर्मनीकरितां पर्याय’ या २०१३ मध्यें स्थापन झालेल्या उजव्या पक्षाचे र्युडिगर क्लोस हे सुमारें २३ टक्के मतांनीं पहिले आले. फुल्स्ट-ब्लाय यांस २२ टक्क्यांच्या आसपास मतें पडलीं. दोघांतील अंतर एक टक्काही नव्हतें. सबंध राज्यांत त्या पक्षानें दोनच मतदारसंघ जिंकले, एक फोर्ट्सहाइम व दुसरा हा. शतकभर लाल असलेला मजुरांचा मोहल्ला उजव्यांनीं घेतला, असा गवगवा झाला.

कारणें लगोलग सांगितलीं गेलीं. २०१५ च्या शरदांत शेंकडों हजार निर्वासित जर्मनींत आले. केफरटाल येथें अमेरिकन सैन्यानें सोडलेल्या बेंजामिन फ्रँक्लिन वसाहतींत त्यांतील पुष्कळांस ठेवण्यांत आलें. हें खरें आहे. परंतु जानेवारी २०१६ मध्यें, म्हणजे मतदानापूर्वीं दोन महिने, त्याच केफरटालमधील जुन्या ब्राउन-बोव्हेरी कारखान्याच्या नव्या अमेरिकन मालकांनीं एक हजारांहून अधिक नोकऱ्या कमी करण्याचा बेत जाहीर केला, हेंही तितकेंच खरें आहे. शिवाय १९९२ च्या मे महिन्यांत शोनाऊ येथें निर्वासितांच्या निवासास जमावानें वेढा घातला होता. त्याच वर्षीं राज्यांत रिपब्लिकन नामक उजव्या पक्षास १०.९ टक्के मतें पडलीं होतीं, व त्यापूर्वीं १९६८ मध्यें एन्. पी. डी. या पक्षास ९.८ टक्के. तेव्हां हा रोष २०१५ मध्यें आकाशांतून पडला, असें मानणें म्हणजे काकतालीय न्यायानें इतिहास लिहिणें होय.

आतां आंकड्यांकडे निराळ्या दृष्टीनें पाहूं. २०११ मध्यें समाजवादी पक्षास राज्यांत २३.१ टक्के मतें होतीं. २०१६ मध्यें तीं १२.७ वर आलीं. म्हणजे पडझडीच्या त्या वर्षींही उत्तर मानहाइमनें या पक्षास राज्याच्या सरासरीहून सुमारें नऊ टक्के अधिक मतें दिलीं. टेकडीची उंची बरीचशी शाबूत होती. सभोंवारचें पठार खचलें होतें. उलटपक्षीं ‘पर्याय’ पक्षास राज्यांत १५.१ टक्के, येथें सुमारें २३. तोही सरासरीच्या आठ टक्के वर. जुनी निष्ठा व नवा रोष हीं दोन्ही एकाच वस्तींत सरासरीहून अधिक आढळतात, ही गोष्ट आम्हांस ‘कोणी जिंकलें’ या प्रश्नाहून पुष्कळ महत्त्वाची वाटते. तेच मतदार इकडून तिकडे गेले, असें मात्र यावरून सिद्ध होत नाहीं. स्थालीपुलाक न्याय भाताच्या हंडीस लागू पडतो. मतपेटींतील प्रत्येक कण सारखा शिजलेला नसतो, आणि मतदारसंघाच्या बेरजेवरून एकेका मतदाराचें मन वाचूं जाणारा संशोधक फसतो.

आणखी एक गोष्ट. शंभरांपैकीं तेवीस मतांनीं किल्ला सर होतो, याचा अर्थ सत्याहत्तर मतें पांगलेलीं होतीं. १९०६ च्या समेटानें बांधलेली मोट सुटल्याचें हें लक्षण आहे. कारखाने मालक बदलत राहिले, कामें आटलीं, संघाचा सभासद होणें हें कारखान्यांत पाऊल टाकण्याइतकें स्वाभाविक राहिलें नाहीं. दाणागोटा संपत आला होता. शत्रु दारांत आला तो नंतर.

त्या शत्रूचाही येथें बालेकिल्ला झाला नाहीं. १४ मार्च २०२१ रोजीं हरित पक्षानें ७० पैकीं ५८ मतदारसंघ जिंकले, त्यांत ‘मानहाइम पहिला’ हाही होता. सुझाने आशहोफ या तेथून सरळ निवडून आल्या. समाजवादी पक्षास राज्यांत एकही मतदारसंघ जिंकतां आला नाहीं, २०१६ मध्येंही आला नव्हता. १९७२ पासून अखंड त्या पक्षाकडे असलेलें शहराचें महापौरपदही २०२३ मध्यें ख्रिस्ती लोकशाही पक्षाकडे गेलें. फुल्स्ट-ब्लाय मात्र २०१६ व २०२१ या दोन्ही वेळीं दुसऱ्या सनदेनें सभागृहांत पोंचले. २०२२ च्या कायद्यानें ही सनदच रद्द झाली. मतदारास दोन मतें, पक्षांस राज्याच्या याद्या व सोळा वर्षांच्या मुलामुलींस मताधिकार अशी नवी व्यवस्था ठरली, आणि हरलेल्या शिलेदारानें मागच्या दारानें गडावर यावें, ही या मतदारसंघाची जुनी वाट तेथें बंद झाली.