पाण्यावर उचलले जाणारे चाक

ओल्या रस्त्यावर गाडी घसरली की दोष चालकाला दिला जातो, फार तर ब्रेकला. त्या क्षणी चाक अनेकदा रस्त्याला टेकलेलेच नसते. ही गोष्ट मोटारींच्या जगाला नीट उलगडून दाखवली ती विमानांच्या अभ्यासकांनी.

जेट विमाने आली, उतरण्याचा वेग वाढला आणि भिजलेल्या धावपट्टीवर ब्रेक निकामी ठरू लागले. अमेरिकेत व्हर्जिनियातील लँगली येथे विमानांच्या चाकांची चाचणी घेण्यासाठी एक खास मार्ग बांधलेला होता. त्यावरचा अवजड गाडा पाण्याच्याच झोताने ढकलला जाई, हा योगायोग गमतीचा. वॉल्टर होर्न व त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयोगांत एक विलक्षण प्रकार नोंदला गेला : साचलेल्या पाण्यातून वेगाने जाणारे चाक ब्रेक न लावताही फिरायचे थांबे, गाडा मात्र धावतच राही.

चाकासमोरचे पाणी बाजूला सरायला वेळ लागतो. वेग वाढला की ते टायरखाली पाचरीसारखे शिरते आणि त्याचा दाब टायरमधल्या हवेच्या दाबाइतका झाला, की चाक उचलले जाते. मग ब्रेकही व्यर्थ आणि स्टिअरिंगही. यालाच हायड्रोप्लेनिंग म्हणतात.

१९६३ साली होर्न आणि रॉबर्ट ड्रेहर यांचा अहवाल ‘नासा’ने प्रसिद्ध केला. त्यातले सूत्र आश्चर्य वाटावे इतके साधे आहे : हवेचा दाब ‘पीएसआय’मध्ये घ्यावा, त्याचे वर्गमूळ काढून ९ ने गुणावे, उत्तर नॉटमध्ये येते. ३२ दाबाच्या मोटारीला हा वेग ताशी सुमारे ९४ किलोमीटर, तर २५ दाबाला अवघा ८३. म्हणजे पावसात पकड वाढावी म्हणून हवा कमी करणारा चालक धोका जवळ आणतो. टायरच्या खाचा शाबूत असतील आणि पाणी उथळ असेल तर थोडी सवलत मिळते. गुळगुळीत टायरला ती नाही.

उपायही धावपट्टीवरूनच रस्त्यावर आला. पाणी निसटून जावे म्हणून काँक्रीटमध्ये बारीक चर कापण्यात आले. १९६७ मध्ये वॉशिंग्टनच्या विमानतळावर, आणि त्याच दशकात कॅलिफोर्नियाच्या महामार्गांवरही.

होर्न मात्र तेथे थांबले नाहीत. १९८० च्या दशकात त्यांनी ट्रककडे मोर्चा वळवला. भरलेल्या ट्रकपेक्षा रिकामा ट्रक कमी वेगातच पाण्यावर उचलला जातो, कारण भार हलका झाला की टायरचा रस्त्यावरचा ठसा आखूड होतो.