पत्त्यांतले देव आणि दारातली माणसे

पत्ते आणि भविष्य यांची सांगड तशी अलीकडची. पत्ते आधी खेळाचे. नशीब त्यांना मागाहून चिकटले. हल्ली शहरांतून टॅरोचे पत्ते मांडून भविष्य सांगणाऱ्यांच्या पाट्या दिसतात, आणि काही मंडळी त्या पत्त्यांवरील चित्रांशी अर्धनारीनटेश्वर, मोहिनी अशा आपल्या देवतांचे नाते जुळवितात. ही ओढ आम्हाला समजते. ज्यांना समाजाने ना पुरुषांच्या पंक्तीला बसू दिले ना स्त्रियांच्या, त्यांनी देवाजवळ तरी आपला चेहरा शोधू नये काय? तथापि आम्ही पडलो युनियनची माणसे. कोणताही माल पुढे आला की तो कोणी, कोठे व काय मजुरीवर केला हे आधी विचारावयाचे, ही आमची खोड.

टॅरोचा जन्म पंधराव्या शतकात उत्तर इटलीत, मिलान-फेरारा भागातल्या दरबारांत झाला. एकूण पत्ते 78. त्यांत 56 साधे व 22 चित्रांचे हुकूम. पेले, तलवारी, नाणी, सोटे हे साध्या पत्त्यांचे रंग इजिप्तच्या मामलुक राजवटीतल्या पत्त्यांवरून युरोपात उतरले. तीनशेहून अधिक वर्षे लोक हा डाव नुसता खेळत होते. 1781 साली कूर द जेबलँ या फ्रेंच पंडिताने ही प्राचीन इजिप्तची गुप्तविद्या आहे असे ठोकून दिले, आणि पाठोपाठ पॅरिसमध्ये पत्त्यांवरून भविष्य सांगण्याचा धंदा उभा राहिला.

आज जगभर चालणारा संच लंडनमध्ये 1909 साली निघाला. त्यातल्या ‘जग’ नावाच्या शेवटच्या पत्त्यावर हारात नाचणारी एक आकृती आहे. काही गूढवादी लेखकांनी ती अर्धी स्त्री व अर्धा पुरुष मानली. ही चित्रे काढली पामेला कोलमन स्मिथ या बाईने. काम पुष्कळ आणि पैसा थोडा, असे तिने स्वतःच एका पत्रात लिहून ठेवले आहे. संच प्रसिद्ध झाला तो प्रकाशक रायडर आणि योजक वेट यांच्या नावाने. 1951 साली ही बाई कर्जात वारली. दुसऱ्यांचे भविष्य सांगणारे पत्ते रंगविणारीचे हे भविष्य!

आपल्याकडेही पत्त्यांची मोठी परंपरा आहे. बाबराने 1527 साली सिंधमधल्या शाह हसनला गंजिफा धाडल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात सापडते. आपल्या सावंतवाडीच्या चितारी मंडळींनी त्याच गंजिफ्यावर दशावतार बसविले: दहा अवतार, प्रत्येकाचे बारा, असे 120 गोल पत्ते. कापडाला चिंचोक्याची खळ, वर खडूचा थर, रंग आणि लाखेची झिलई. दिवसा डाव रामाने उघडावयाचा, रात्री कृष्णाने. देव हातात घेऊन लोक खेळले, आणि त्यात देवाचा अपमान झाला असे कोणाला वाटले नाही.

या दहांत मोहिनी नाही. पण भागवताच्या पहिल्या स्कंधात अवतारांची जी यादी आहे, तिच्यात 22 अवतार मोजले आहेत आणि मोहिनी तेरावी आहे. टॅरोचे हुकूमही 22, आणि त्यातला तेरावा पत्ता मृत्यूचा. मोहिनी तर अमृत वाटणारी! भविष्य सांगणाऱ्याला एवढे पुरे आहे. पण श्रोतेहो, आकडे जुळले म्हणून सोयरीक जुळत नाही. इटलीतल्या चित्रकाराने भागवत पाहिले नव्हते आणि भागवतकाराने टॅरो. दोन देशांतल्या माणसांच्या मनात एकच कल्पना निरनिराळ्या वाटांनी येऊ शकते, एवढेच यातून घ्यावे. आणि ते काही थोडे नव्हे.

शिवाय ती कल्पना पाहावयास लंडनचा पत्ता कशाला हवा? नवापूरहून बोईसरला जावे, लोकलने मुंबई गाठावी, अपोलो बंदरावरून लाँच धरून घारापुरीला उतरावे. सहाव्या शतकातल्या त्या लेण्यात अर्धनारीनटेश्वर उभा आहे. उजवे अंग शिवाचे, नंदीवर रेललेले. डावे पार्वतीचे, हाती आरसा. घडविणाऱ्या पाथरवटांची नावे मात्र उरली नाहीत. आपला वारकरी विठोबाला विठाई माउली म्हणतो, तेव्हा त्याला काही विपरीत वाटत नाही. आपल्या किनाऱ्यावरून उत्तरेला जाणारी गाडी ज्या गुजरातेत शिरते, तेथे बेचराजीची बहुचरा ही तृतीयपंथीयांची माता. दक्षिणेला सौंदत्तीच्या यल्लम्माचे जोगते साडी नेसून डोक्यावर जग घेतात.

देवळात ज्यांच्यापुढे हात जोडावयाचे, त्यांच्याच लेकरांना कारखान्याच्या दारातून परत धाडावयाचे, हा आपला न्याय! सर्वोच्च न्यायालयाने 15 एप्रिल 2014 रोजी तृतीयपंथीयांचे नागरिकत्वाचे हक्क मान्य केले. 2019 साली त्यांच्यासाठी कायदाही झाला, आणि नोकरीत भेदभाव करण्यास त्याने मनाई केली. पण कागदावरचा हक्क हजेरीपटावर उतरविणे हे आपले काम आहे, मालकाइतकेच युनियनचेही.

महाभारतात याचा दाखला आहे. अर्जुन बृहन्नडा होऊन विराटाच्या दारी गेला. राजाने नृत्यगीताची पारख केली आणि राजकन्येला शिकविण्याच्या कामावर ठेवले. पुढे कौरवांनी गाई वळविल्या, तेव्हा त्याच बृहन्नडेने रथ हाकून विराटाचे गोधन परत आणले. विराटाने पत्ते पिसले नव्हते. त्याने काम पाहिले आणि काम दिले. आमच्या तारापूरच्या दारांनी एवढे जरी केले, तरी पुष्कळांचे भविष्य पत्त्यांवाचून सांगता येईल.