स्वयंसेन्सॉरशिप (समाजमाध्यमांवरील)

कोणी मनाई केलेली नसताना, कारवाईच्या धास्तीने किंवा चार लोक काय म्हणतील या विचाराने वापरकर्त्याने आपला मजकूर न टाकणे, सौम्य करणे किंवा टाकून पुसणे, म्हणजे स्वयंसेन्सॉरशिप. सरकारी सेन्सॉरशिपमध्ये निदान एखादा आदेश असतो, त्याविरुद्ध दाद मागता येते. येथे मजकूरच उमटत नसल्याने तक्रारीला जागा उरत नाही आणि मोजमापही अवघड होते.

मोजमापाचा एक प्रयत्न संशोधक सौविक दास आणि ॲडम क्रेमर यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. फेसबुकच्या सुमारे ३९ लाख वापरकर्त्यांची १७ दिवसांची ही पाहणी होती. पाचांहून अधिक अक्षरे टंकून दहा मिनिटांत मजकूर न टाकण्याचा प्रकार ७१ टक्के जणांकडून एकदा तरी घडला. मजकूर काय होता, हे मात्र नोंदवले नव्हते. त्यामुळे यातली प्रत्येक माघार भीतीपोटी होती, असे मानता येत नाही. कुकरची शिट्टी झाली म्हणूनही पोस्ट अर्धी राहते.

भारतात या भीतीला कायद्याचे बळ दिले ते माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-अ ने. २००८ च्या दुरुस्तीने आलेले हे कलम ऑक्टोबर २००९ मध्ये लागू झाले. अत्यंत आक्षेपार्ह संदेश किंवा त्रास, गैरसोय व्हावी म्हणून पाठवलेली खोटी माहिती यासाठी त्यात तीन वर्षांपर्यंत कैद होती. आक्षेपार्ह कशाला म्हणायचे, याची व्याख्या नव्हती. ती व्यवहारात पोलीस ठाण्यात ठरे. एप्रिल २०१२ मध्ये जादवपूर विद्यापीठातील प्राध्यापक अंबिकेश महापात्र यांना ममता बॅनर्जींवरील व्यंगचित्र पुढे पाठवल्याबद्दल अटक झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पालघरचे प्रकरण घडले. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद होती. त्या बंदविषयी एका तरुणीने फेसबुकवर प्रश्न केला, तिच्या मैत्रिणीने त्याला लाइक दिले, आणि दोघींना अटक झाली. पोस्ट लिहिणारीच्या काकांच्या दवाखान्याची जमावाने तोडफोड केली. देशभर टीका झाल्यावर पोलीस अधिकारी निलंबित झाले आणि प्रकरण पुढे बंद करण्यात आले. पण नुसत्या लाइकबद्दल पोलीस दारात येऊ शकतात, हे तोवर सर्वांना कळले होते. अशा कायद्याचा परिणाम शिक्षांच्या आकड्यांत शोधणे चूक आहे. खटला उभा न राहताही तो आपले काम करतो.

या अटकांनंतर श्रेया सिंघल ही तरुणी सर्वोच्च न्यायालयात गेली. न्या. चेलमेश्वर आणि न्या. नरिमन यांच्या खंडपीठाने २४ मार्च २०१५ रोजी कलम ६६-अ पूर्णतः घटनाबाह्य ठरवले. संदिग्ध तरतुदीमुळे निर्दोष बोलणेही गोठते, हा निकालातील महत्त्वाचा धागा होता. संकेतस्थळे व मजकूर रोखण्याचा अधिकार देणारे कलम ६९-अ मात्र त्याच निकालाने कायम ठेवले. रद्द कलमाखाली पोलीस पुढेही गुन्हे नोंदवत राहिले. ते थांबवा, असे सर्वोच्च न्यायालयाला ऑक्टोबर २०२२ मध्ये पुन्हा बजावावे लागले.

कायदा हे एकच कारण नव्हे. बहुमत आपल्याविरुद्ध आहे असे वाटले की माणूस गप्प बसतो, असा सिद्धान्त जर्मन अभ्यासक एलिझाबेथ नोएल-नॉयमान यांनी १९७४ मध्येच मांडला होता. प्यू संशोधन केंद्राने २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अमेरिकेतील पाहणीत सरकारी पाळतीविषयी समोरासमोर बोलायला ८६ टक्के लोक तयार होते, फेसबुक किंवा ट्विटरवर लिहायला तेथील वापरकर्त्यांपैकी ४२ टक्केच. नातेवाईक, वरिष्ठ आणि शेजारी एकाच यादीत असले की हे अधिकच खरे ठरते.

महाराष्ट्रात रोजच्या व्यवहारातली स्वयंसेन्सॉरशिप पाहायची तर व्हॉट्सॲप ग्रुप पाहावेत. सदस्याच्या मजकुराचे खापर आपल्यावर फुटेल या भीतीने कित्येक ॲडमिन निवडणूक आली की फक्त ॲडमिनलाच मजकूर टाकता येईल अशी सोय चालू करतात. समान हेतू किंवा पूर्वनियोजन नसेल तर सदस्याच्या मजकुराबद्दल ॲडमिनला गुन्हेगार ठरवता येत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्पष्ट केले आहे.