मिश्र विद्रावकांतील जेलचे फुगणे व आकुंचन

बहुवारिकाच्या, अर्थात पॉलिमरच्या, जाळीपासून बनलेले जेल ज्या द्रवमिश्रणात बुडवलेले असते, त्या मिश्रणातील घटकांचे प्रमाण बदलले की जेलचे घनफळही बदलते. या बदलास मिश्र विद्रावकांतील जेलचे फुगणे व आकुंचन असे म्हणतात. हा बदल कधी हळूहळू होतो, तर कधी प्रमाणातील अगदी अल्प फरकाने एकाएकी घडून येतो. मिश्रणाचा जेलवरील परिणाम हा त्यातील घटकांच्या परिणामांची केवळ सरासरी नसतो, हे या विषयाचे सर्वांत महत्त्वाचे वैशिष्ट्य होय.

रचना व कार्यतत्त्व

जेलमधील लांब रेणुशृंखला ठिकठिकाणी आडव्या बंधांनी एकमेकींशी जोडलेल्या असतात. त्यामुळे द्रव जाळीत शिरला तरी जेल विरघळत नाही. ते केवळ फुगते. जेलचे घनफळ प्रामुख्याने तीन परिणामांच्या समतोलावर ठरते.

पहिला परिणाम शृंखला व विद्रावक यांच्यातील आकर्षणाचा. अनुकूल विद्रावकात शृंखला पसरतात. प्रतिकूल विद्रावकात त्या एकमेकींजवळ येऊन द्रव बाहेर टाकतात. दुसरा परिणाम जाळीच्या स्थितिस्थापकतेचा. जेल फुगताना शृंखला ताणल्या जातात व हा ताण पुढील फुगण्यास विरोध करतो. तिसरा परिणाम आयनांचा. शृंखलांवर विद्युत् भार असल्यास त्यांच्या विरुद्ध भाराचे आयन जेलमध्येच अडकून राहतात आणि त्यांचा परासरण दाब जाळीला बाहेर ढकलतो.

पहिल्या दोन परिणामांचे गणित पॉल फ्लोरी व जॉन रेनर यांनी १९४३ मध्ये मांडले. विशिष्ट परिस्थितीत जेलचे घनफळ एकाएकी बदलू शकेल, असे भाकीत कारेल दुशेक व डोनाल्ड पॅटरसन यांनी १९६८ मध्ये केले.

पाणी व ॲसिटोन

या भाकिताला प्रयोगाचा आधार मिळाला तो अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत. तेथील जपानी भौतिकशास्त्रज्ञ तोयोइची तनाका यांनी पॉलिॲक्रिलअमाइड जेलचे तुकडे पाणी व ॲसिटोन यांच्या निरनिराळ्या प्रमाणांतील मिश्रणांत ठेवले. पाणी या जेलला अनुकूल, तर ॲसिटोन प्रतिकूल आहे. ताजे जेल ॲसिटोनच्या वाढत्या प्रमाणाबरोबर क्रमाक्रमाने आकुंचित झाले. बराच काळ ठेवून जुने झालेले जेल मात्र एका ठरावीक प्रमाणापाशी एकदम आक्रसले. हे निष्कर्ष १९७८ मध्ये प्रसिद्ध झाले.

जुन्या जेलच्या या वेगळेपणाचे कारण पुढे १९८० मध्ये स्पष्ट करण्यात आले. जेल जुने होत असताना त्यातील काही अमाइड गटांचे जलीय विच्छेदन होऊन आम्लगट तयार होतात व ते पाण्यात आयनीभूत होतात. आयनांचा दाब जेलला फुगलेले ठेवतो. प्रतिकूल होत जाणारे मिश्रण त्याला आकुंचित करू पाहते. या ओढाताणीत मधल्या घनफळाची अवस्था अस्थिर ठरते आणि जेल एका स्थिर अवस्थेतून थेट दुसऱ्या अवस्थेत जाते. पाण्याची वाफ होताना घनफळ जसे एकदम बदलते, तसेच हे अवस्थांतर आहे. आयनयुक्त जेलमध्ये घनफळातील फरक शेकडो पट असू शकतो. हा बदल प्रत्यावर्ती असतो. आकुंचित जेल पुन्हा पाण्यात ठेवल्यास ते पूर्ववत फुगते.

दोन अनुकूल द्रवांचे प्रतिकूल मिश्रण

पॉली-एन-आयसोप्रोपिलॲक्रिलअमाइड हे जेल सामान्य तापमानाला शुद्ध पाण्यात फुगते आणि शुद्ध मिथेनॉलमध्येही फुगते. परंतु पाण्यात थोडे थोडे मिथेनॉल मिसळत गेल्यास ते प्रथम आकुंचित होते आणि मिथेनॉलचे प्रमाण बरेच वाढल्यावर पुन्हा फुगते. शुद्ध पाण्यात हे जेल सुमारे ३२ अंश सेल्सिअसच्या वर आकुंचित होते. मिथेनॉल मिसळल्याने ही मर्यादा प्रथम खाली येते. या वर्तनाच्या कारणांबाबत मतभेद आहेत. काहींच्या मते पाणी व मिथेनॉल यांचे रेणू परस्परांशी बांधले गेल्याने शृंखलांना दुरावतात. इतरांच्या मते मिथेनॉलचे रेणू शृंखलांच्या भागांमध्ये दुव्याचे काम करून त्यांना जवळ आणतात.

बदलाचा वेग

जेलचे घनफळ बदलण्यासाठी संपूर्ण जाळीला द्रवातून सरकावे लागते. त्यामुळे लागणारा काळ जेलच्या आकाराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, असे तनाका व डेव्हिड फिलमोर यांनी १९७९ मध्ये दाखवले. आकार दहापट झाला, तर काळ शंभरपट होतो. एक सेंटिमीटर व्यासाच्या गोळ्याला सुमारे एक दिवस लागत असेल, तर काही मायक्रोमीटरच्या कणाला सेकंदाचा अल्पसा अंश पुरतो. अवस्थांतराच्या बिंदूजवळ ही क्रिया आणखी मंदावते.

महत्त्व

जेलमधील औषध आवश्यक तेव्हाच बाहेर सोडणे, द्रवाची घटना ओळखणारे संवेदक व सूक्ष्म झडपा तयार करणे, यांसाठी या गुणधर्माचा अभ्यास केला जातो. बाळांच्या डायपरमधील सोडियम पॉलिॲक्रिलेट हे आयनयुक्त जेलच आहे. ते शुद्ध पाणी स्वतःच्या वजनाच्या शेकडो पट शोषते; खारट पाणी मात्र बरेच कमी शोषते, कारण बाहेरील आयनांमुळे परासरण दाबातील फरक घटतो. याच प्रकारच्या जेलमध्ये पेशी बसवून ते पाण्यात फुगवण्याचे व त्यायोगे पेशींची सूक्ष्म रचना पाहण्याचे तंत्र २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात नमुन्याची लांबी सुमारे साडेचार पट होते.