स्पीकरच्या पेटीची कुळकथा

दुकानातून नुसता स्पीकर आणावा आणि पेटीशिवाय टेबलावर ठेवून त्यावर एखादी बंदिश लावावी. शब्द कळतात, तंबोऱ्याच्या ताराही ऐकू येतात, पण तबलजीच्या डाव्या हाताखालचा डग्गा नाहीसा झालेला असतो. तोच स्पीकर भोक पाडलेल्या मोठ्या फळीवर बसवला की डग्गा परततो. नीट बांधलेल्या पेटीत बसवला, तर तळव्याने घासून काढलेली मींडही ऐकू येते.

याचं कारण हवेत आहे. स्पीकरचा कागदी कोन पुढे सरकतो तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी पाठीमागची विरळ होते. खर्जाच्या लहरी लांबलचक असतात. सेकंदाला ५० कंपनं असलेल्या स्वराची लहर जवळजवळ ७ मीटर लांबीची असते. वीतभर कोनाला ती सहज वळसा घालते, मागची लहर पुढचीला गाठते आणि दोघी एकमेकींना खोडून टाकतात. पेटीचं पहिलं काम म्हणजे ही गाठ पडू न देणं.

म्हणूनच घरी स्पीकर बांधण्याचा इतिहास हा मुख्यतः लाकडाचा इतिहास आहे. चुंबक, तारेचं वेटोळं आणि कोन कारखान्यातून येतात. पेटी मात्र करवत आणि सरस जवळ असलेला कोणीही बांधू शकतो. तरुणपणी अशा पेट्या बांधणारे, पुढे नोकरी-संसाराच्या धबडग्यात करवत बाजूला ठेवणारे आणि वीस-तीस वर्षांनी पुन्हा त्याच कामाकडे वळणारे लोक जगभर आहेत. परतल्यावर त्यांना लाकूड ओळखीचं वाटतं, पण पेटीचं माप ठरवण्याची रीत पार बदललेली दिसते. हा बदल कुठून आला हे समजण्यासाठी पेटीचं कूळ शोधावं लागतं.

चुंबकाच्या फटीत तारेचं वेटोळं हलवण्याची कल्पना जर्मनीच्या वेर्नर सीमेन्स यांनी १८७४च्या पेटंटात मांडली होती. पण तेव्हा त्या वेटोळ्यात सोडायला गाण्याचा विद्युतप्रवाहच नव्हता. १९१५च्या नाताळच्या आदल्या संध्याकाळी पीटर जेन्सन आणि एडविन प्रिडहॅम यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या सिटी हॉलसमोर जमलेल्या प्रचंड गर्दीला भाषण आणि संगीत ऐकवलं, ते वेटोळ्याला कर्णा जोडून. कर्ण्याला मोकळं मैदान मानवतं, बैठकीची खोली मानवत नाही. घरात मावेल असा, कर्णा नसलेला स्पीकर जनरल इलेक्ट्रिक कंपनीतल्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ साली सिद्ध केला. छोटा हलका कोन, त्याच्या बुडाशी वेटोळं आणि समोर भोकाची फळी. पुढच्याच वर्षी तो ‘रेडिओला १०४’ या नावाने बाजारात आला. आज पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळणारा कुठलाही वूफर, म्हणजे खर्जाचा स्पीकर, उघडून पाहिला, तर आतली रचना राइस-केलॉग यांचीच असते. चुंबक बदलले, कोनाचे कागद बदलले, गोंद बदलले. रचना तीच राहिली.

पेटीचं तसं झालं नाही. तिच्यात खरी उलथापालथ झाली आणि ती अनेक हातांनी केली.

सुरुवातीच्या रेडिओंच्या पेट्या मागून उघड्या असत. मागची लहर भिंतीवर आपटून वाया जाई. बेल लॅबोरेटरीजमधल्या अल्बर्ट थुरास यांनी तिला कामाला लावलं. १९३० साली त्यांनी पेटंटाचा अर्ज केला आणि १९३२ साली तो मंजूर झाला. त्यांची पेटी चहूबाजूंनी बंद होती, फक्त पुढच्या बाजूला एक मोजकी वाट ठेवलेली. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की एक ठरावीक सूर निघतो, तशी या पेटीतली हवा एका ठरावीक कंपनसंख्येला डोलते. त्या सुराच्या आसपास मागची लहर उलटी होऊन वाटेने बाहेर पडते आणि पुढच्या लहरीला छेद देण्याऐवजी साथ देते. यालाच पुढे बास रिफ्लेक्स म्हणू लागले. अडचण एकच होती. पेटी किती मोठी आणि वाट किती रुंद, हे नेमकं सांगणारं गणित हाताशी नव्हतं. बांधायचं, ऐकायचं, भोक थोडं बुजवायचं, पुन्हा ऐकायचं, असंच काम तीस वर्षं चाललं.

हे अंदाजाचं युग होतं, पण कर्तृत्वात उणं नव्हतं. १९४७ साली इंग्लंडमध्ये ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात डी. टी. एन. विल्यमसन यांचा अॅम्प्लिफायर छापून आला, १९४८ साली लाँग प्ले तबकडी आली आणि घरी बांधणाऱ्यांची पहिली मोठी पिढी उभी राहिली. तिचे गुरू यॉर्कशरचे गिल्बर्ट ब्रिग्ज. कापडाच्या व्यापारातून आलेल्या या गृहस्थाने १९३२ साली आपल्या घराच्या तळघरात वार्फडेल ही कंपनी सुरू केली आणि १९४८ साली लाउडस्पीकरवर सामान्य माणसाला कळेल असं पुस्तक लिहिलं. फळीची थरथर स्पीकरच्या आवाजात मिसळते हे त्यांनी ओळखलं होतं. त्यावर त्यांचा उपाय भक्कम होता: दोन पातळ प्लायवुडच्या मधल्या पोकळीत वाळू भरायची. १९५४ साली त्यांनी लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये तिकीट लावून लोकांना प्रत्यक्ष वादन आणि त्याचंच ध्वनिमुद्रण शेजारी-शेजारी ऐकवलं. स्वतः बनवलेली वस्तू इतक्या उघडपणे परीक्षेला बसवणारे कारखानदार फार थोडे.

आपल्याकडे याच प्रश्नाचं उत्तर कुंभाराने दिलं. कॅसेटच्या काळात केशकर्तनालयात, चहाच्या टपरीवर, कुठे घराच्या कोपऱ्यात मातीच्या माठाच्या तोंडावर स्पीकर बसवलेला असायचा. मटका स्पीकरला जुगाड म्हणून हसण्याची पद्धत आहे, ती चुकीची आहे. आरसीए कंपनीतल्या हॅरी ओल्सन यांनी १९५१ साली निरनिराळ्या बारा आकारांच्या पेट्यांवर एकच स्पीकर लावून मोजणी प्रसिद्ध केली. सर्वांत सपाट प्रतिसाद गोलाचा आला, घनाकृती पेटी वाईट ठरणाऱ्यांत होती. स्पीकर चौकोनाच्या मधोमध असला की ध्वनी चारही धारदार कडांवर जवळपास एकाच वेळी पोहोचतो, तिथून पुन्हा उसळतो आणि मूळ आवाजात मिसळून काही स्वर फुगवतो, काही दाबतो. गोलाला कडाच नाहीत. शिवाय भाजलेल्या मातीची वक्र भिंत सपाट फळीइतकी थरथरत नाही. दहा-पंधरा लिटरचा माठ लहान वूफरला पुष्कळदा बऱ्यापैकी जुळतोही. माठ वापरणाऱ्यांनी ओल्सनचं नाव ऐकलं नव्हतं, कान मात्र शाबूत होते.

अमेरिकेत १९५४ साली एडगर व्हिल्चर यांनी उलटीच वाट धरली. तोवर वूफरचा कोन ताठ कडेने धरून ठेवत. व्हिल्चरनी ती कड अगदी सैल केली, स्पीकर हवाबंद लहान पेटीत कोंबला आणि कोनाला परत ओढण्याचं काम आतल्या हवेवर सोपवलं. हवेची स्प्रिंग धातूच्या किंवा कापडाच्या स्प्रिंगपेक्षा कितीतरी समान वागते. हेन्री क्लॉस यांच्या साथीने त्यांनी काढलेला एआर-१ पुस्तकांच्या फडताळावर बसत होता आणि कपाटाएवढ्या पेट्यांना लाजवेल असा खर्ज देत होता. दोन खोल्यांच्या घरात दोन स्पीकरचा स्टीरिओ मावू शकला, त्यात या शोधाचा वाटा मोठा आहे.

आणि मग सिडनी. या कुळातलं सर्वांत मोलाचं काम ऑस्ट्रेलियात झालं आणि दहा वर्षं जगाचं तिकडे लक्षच गेलं नाही. नेव्हिल थील या अभियंत्याने १९६१ साली तिथल्या व्यावसायिक नियतकालिकात दाखवून दिलं, की नळीवाली, म्हणजे बास रिफ्लेक्स, पेटी आणि तिच्यातला स्पीकर मिळून विद्युतशास्त्रातला नेहमीचा फिल्टरच असतो. फिल्टरचं गणित तयारच होतं. ते वापरून त्यांनी २८ जुळण्यांचा तक्ताच दिला. १९७१ साली अमेरिकेच्या ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीने तो निबंध पुन्हा छापला. त्याच सुमारास सिडनी विद्यापीठात काम करणाऱ्या, मूळच्या कॅलिफोर्नियाच्या रिचर्ड स्मॉल यांनी १९७२-७३मध्ये लेखमाला लिहून बंद आणि नळीवाल्या दोन्ही पेट्यांचं गणित पूर्ण केलं. तेव्हापासून प्रत्येक स्पीकरची ओळख तीन आकड्यांत सांगता येते: तो मोकळेपणी कुठल्या कंपनाला डोलतो, ते डोलणं किती लवकर आवरतं आणि त्याच्या कडेची लवचीकता किती लिटर हवेइतकी आहे.

यातला मोठेपणा एका हिशोबातून दिसतो. एखादा वूफर ५० हर्ट्‌झला डोलतो, आवर घालणारा आकडा ०.५ आहे आणि लवचीकता ३० लिटर हवेइतकी आहे असं धरा. बंद पेटीत या आवरण्याच्या आकड्याचं उद्दिष्ट साधारण ०.७ असतं, कारण त्याला खर्ज न फुगता सर्वांत खोल जातो. ०.७०७ला ०.५ने भागून वर्ग केला की २ येतात, त्यातून १ वजा केला की उरतो १, आणि ३० भागिले १ म्हणजे ३० लिटर. आतून २५, ३० आणि ४० सेंटिमीटरची पेटी बरोबर तेवढी भरते. तिचा खर्ज सुमारे ७१ हर्ट्‌झपर्यंत नीट उतरेल, हे फळी कापण्याआधीच कळतं. पेटी याहून फार लहान केली तर डग्गा घुमत राहतो आणि बोल स्पष्ट उमटत नाहीत.

ते तीन आकडे मोजायला प्रयोगशाळा लागत नाही. एक ऑसिलेटर, एक रोधक, एक व्होल्टमीटर आणि कोनावर चिकटवायला माहीत वजनाचं नाणं एवढं पुरतं. गणित लोकांपर्यंत पोहोचवणारेही भेटले. व्हान्स डिकसन यांचं ‘लाउडस्पीकर डिझाइन कुकबुक’ १९७७ साली निघालं आणि १९८० साली एडवर्ड डेल यांनी फक्त याच विषयाला वाहिलेलं ‘स्पीकर बिल्डर’ मासिक सुरू केलं. त्यात लिहिणाऱ्यांपैकी झीगफ्रीड लिंकविट्झ यांची नोंद वेगळी घ्यायला हवी. हे ह्युलेट-पॅकार्डमधले अभियंते. सहकारी रस रायली यांच्यासोबत त्यांचं नाव ज्या क्रॉसओव्हरला मिळालं, तो १९७६पासून वूफर आणि ट्वीटरमध्ये स्वर वाटून देतो आहे. २०१८मध्ये निधन होईपर्यंत ते घरी बांधणाऱ्यांसाठी आराखडे देत राहिले. त्यांतल्या एकाची पेटी तर नळकामाच्या प्लास्टिक पाइपचीच आहे.

या कामाकडे परतणारा माणूस जुनी जोडी माळ्यावरून खाली काढतो तेव्हा बहुधा पहिलं दुःख कडेचं असतं. १९७०-८०च्या दशकांत वूफरची कड अनेकदा फोमची असे. तो फोम पंधरा-वीस वर्षांत भुगा होतो, दमट हवेत त्याहून लवकर. कोन शाबूत असेल तर नवी कड चिकटवता येते. क्रॉसओव्हरमधले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुकलेले असतात, ते बदलावेच. लाकडाबद्दल मत द्यायचं तर कोकणात आणि मुंबईत एमडीएफपेक्षा चांगलं प्लायवुड बरं. एमडीएफ एकजिनसी असतं आणि कापायला सोपं असतं, पण पाणी लागलं की फुगतं आणि त्याची धूळ फुप्फुसाला वाईट, मास्कशिवाय कापूच नये.

खरा फरक मोजणीत पडला आहे. पूर्वी स्पीकरचा प्रतिसाद काढायला प्रतिध्वनी नसलेली खोली आणि कंपनीचं नाव पाठीशी लागे. आता कॅलिब्रेट केलेला मायक्रोफोन आणि ‘रूम ईक्यू विझार्ड’सारखी फुकट मिळणारी प्रणाली घेऊन तेच काम बैठकीच्या खोलीत पुष्कळ अंशी होतं. लहरी भिंतीवरून परत येण्याआधीचे काही मिलिसेकंद तेवढे कापून तपासायचे. याला मर्यादा आहे. इतक्या छोट्या वेळेत खर्जाची एक लहरही पूर्ण होत नाही, म्हणून वूफर वेगळा, मायक्रोफोन त्याच्या अगदी जवळ धरून मोजावा लागतो.

पुन्हा सुरुवात करणाऱ्याने बंद पेटीपासून करावी. नळीच्या पेटीत माप चुकलं की खर्ज बेसूर होतो, बंद पेटी थोडी चूक पोटात घालते. विक्रेत्याने छापलेल्या आकड्यांवर विसंबू नये, वूफर हातात आल्यावर स्वतः मोजावा आणि मगच फळीवर खूण करावी.

एक विनंती वाचकांनाही आहे. थुरास यांची पेटी पेटंटामुळे आणि थील यांची तक्त्यामुळे टिकली. महाराष्ट्रातल्या सुतारांनी आणि हौशी लोकांनी बांधलेल्या पेट्यांची मापं मात्र क्वचितच कागदावर उतरली. ज्यांच्या घरी अशी जुनी पेटी किंवा स्पीकर लावलेला माठ असेल, त्यांनी ते भंगारात देण्याआधी आतलं माप घ्यावं, स्पीकरच्या पाठीवरचा शिक्का वाचावा आणि दोन्ही वहीत लिहून ठेवावं.