इंजिनखोलीतले फोटो

खानदेशात जुन्या यंत्राची किंमत किलोने ठरते. आमच्या मळ्यातलं इंजिन बघायला भंगारवाला आला, तेव्हा ते किती हॉर्सपॉवरचं, कधी आणलं, चालतं का, यातलं त्याने काही विचारलं नाही. चक्क्यावर दगड मारला, आवाज ऐकला, बीड आहे म्हणाला आणि भाव सांगितला. घरात कोणाला विकायची घाई नव्हती, ठेवायचीही हौस नव्हती. मी तेवढ्यात फोटो काढून घ्यायचं ठरवलं.

मळा पांझरेच्या काठचा, साक्री आणि धुळ्याच्या मधला. विहिरीला लागून काळ्या दगडाची इंजिनखोली. पत्रे एका वावधानात उडाले ते परत बसवले नाहीत. एका कोपऱ्यात पिंपळाने भिंतीची सांध उघडली आहे, तिथून सकाळचं तिरपं ऊन थेट चक्क्यावर पडतं. गंज, कोळिष्टकं, अर्धवट लटकलेलं दार, सगळं जागच्या जागी. मोडकळीला आलेली वस्तू फोटोत नेहमीच देखणी दिसते, फोटोवाल्याला काही करावं लागत नाही. त्यामुळेच असेल, मला माझ्या या फोटोंचा फार लवकर कंटाळा आला. कोणत्याही गावातल्या कोणत्याही पडक्या खोलीचे म्हणून ते खपले असते.

आबा, म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, थारोळ्याच्या दगडावर बसून हे सगळं बघत होते. वय पंच्याऐंशीच्या पुढे. म्हणाले, "फोटू काढीसन काय करशी रे भो? तठे काय ऱ्हायनं आते?"

मग त्यांनीच मला इंजिनाकडून विहिरीकडे वळवलं. काठावर दोन दगडी खांब अजून उभे आहेत, त्यांच्या डोक्याशी कणा बसायच्या खाचा आहेत. समोर उतरती धाव, आता तिच्यावर बाभळी. मी लहानपणापासून ती धाव म्हणजे नुसता उतार समजत आलो होतो. आबा तिथे दहाव्या वर्षापासून मोट हाकत होते. बैल उताराने खाली निघाले की मोटकरी उडी मारून ताणलेल्या नाड्यावर बसायचा, म्हणजे त्याच्या वजनाने बैलांना तेवढाच हातभार. मोट वर आली, सोंडेतून पाणी थारोळ्यात पडलं, की उतरायचं आणि बैलांना पाठमोरं मागे सरकवत वर न्यायचं. पहाटे चांदणी असताना जुंपायचं ते ऊन चढेपर्यंत. मोटेवरच्या गाण्यांचं पुस्तकांतून बरंच कौतुक असतं, म्हणून मी विचारलं, गाणी कोणती म्हणायचात? आबा म्हणाले, गाणं कसलं, डोळा लागून विहिरीत पडू नये म्हणून ओरडायचो.

विहिरीवर मोट असली तरी शिवाराचं मोठं पाणी नदीचं होतं. पांझरेवर ठिकठिकाणी दगडी बंधारे आहेत, काही कित्येक शतकांचे. बंधाऱ्यातून पाट निघतो आणि पाटाखालचं सगळं रान फडांत वाटलेलं असतं. एका फडात त्या साली एकच पीक. ऊस तर सगळ्यांचा ऊस, गहू तर सगळ्यांचा गहू. दरसाल पिकं फडाफडांतून फिरतात. प्रत्येक खातेदाराचा तुकडा जवळपास प्रत्येक फडात असल्याने सगळा तोटा एकट्याच्या गळ्यात पडत नाही. पाणी सोडायला पाटकरी, त्याच्यावर हवालदार, राखणीला जागल्या. माझे आजोबा काही वर्षं हवालदार होते. पावसाळ्यानंतर पाटातला गाळ काढायला घरटी एक माणूस यायचा, न आल्यास दंड. हे ऐकताना मला सहकाराचा आदर्श वगैरे दिसायला लागला, तोच आबांनी सांगितलं की त्या दंडावरून दोन घरांचं तीन पिढ्या बोलणं नव्हतं. ती घरं कोणती ते मलाही माहीत आहे, इथे लिहीत नाही.

पुढे घरोघर विहिरी झाल्या, नदीवर वरच्या अंगाला धरणं झाली, ज्याला त्याला आपल्या मर्जीचं पीक घ्यावंसं वाटलं आणि आमचा फड मोडला. पांझरेवरचे काही फड आजही चालू आहेत. आमच्या बंधाऱ्याचा फोटो मी काढला, छान आला. पण कोणाच्या वावरात पाणी कधी जाईल हे ठरवणारी माणसं त्यात कुठून येणार?

साठच्या दशकात मळ्यात इंजिन आलं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडीला कारखाना काढला 1910 साली, त्यांच्या घराण्याची ऑइल इंजिनांची कंपनी पुण्यात सुरू झाली 1946 साली, आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत महाराष्ट्रभर विहिरींवर फुकफुक आवाज सुरू झाला. आमचं इंजिन धुळ्याहून बैलगाडीत आलं. म्हणजे ज्यांचं काम ते हिरावणार होतं, त्याच बैलांनी ते ओढून आणलं. सुरू करायला दोन माणसं लागायची. एकाने हँडल मारून चक्क्याला वेग द्यायचा, दुसऱ्याने नेमक्या क्षणी वरची दांडी पाडायची. हँडल उलटं फिरलं तर मनगट गेलंच. इंजिन थंड करून बाहेर पडणारं पाणी कढत असे. बाया धुणं तिथे आणायच्या आणि पोरांच्या आंघोळी तिथेच व्हायच्या. आबांचे डोळे हे सांगताना चमकत होते. मोटेचं चामडं काय झालं, असं विचारलं तर त्यांना आठवेना. बैलजोडी पुढच्या बाजारात विकली, हे मात्र आठवत होतं आणि किमतीसकट.

हळहळ सगळी माझ्याच बाजूला होती. मोट ओढलेल्या माणसाला इंजिन म्हणजे सुटका होती. इंजिनाचं हँडल मारलेल्या माझ्या वडिलांना विजेची मोटर म्हणजे सुटका होती. 1972च्या दुष्काळात विहीर आणखी खोल गेली, मग बोअर आली, बोअरच्या मागे बोअर. जळगावकडे, रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात, भूजल किती खाली गेलं याच्या बातम्या दरसाल येतात. ठिबक आलं तेही जळगावातूनच. आज आमच्या इंजिनखोलीत चक्क्याच्या मागे ठिबकच्या काळ्या नळ्यांची भेंडोळी पडली आहेत, उंदरांनी कुरतडलेली. पडक्या वस्तूंत ती सर्वांत तरुण. त्यांचा फोटो मात्र काही केल्या देखणा येत नाही.

मळ्यातून कापूस जायचा तो तालुक्याच्या जिनमध्ये. खानदेशातल्या धुराड्यांचं मूळ दूर अमेरिकेत आहे. 1861 ते 1865 तिकडे यादवी युद्ध पेटलं, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानी कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच दशकात मुंबईहून निघालेली रेल्वे चाळीसगाव, पाचोरा, जळगाव करत भुसावळला पोचली. जळगाव कापसाची पेठ झाली ती तेव्हा. 1870च्या दशकात तिथे खानदेश मिल उभी राहिली, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमळनेरला प्रताप मिल. त्याच अमळनेरात 1945 साली वनस्पती तुपाचा कारखाना निघाला, त्याला आज विप्रो म्हणून जग ओळखतं. या मोठ्या नावांच्या आजूबाजूला धरणगाव, चोपडा, पारोळा, एरंडोल, जिथे कापूस तिथे जिन-प्रेस आणि एक धुराडं.

माझी एक चुलत आत्या अशाच एका जिनमध्ये होती. मी तिला धुराड्याचा फोटो दाखवला, तर तिने त्याकडे धड पाहिलंही नाही. म्हणाली, "मन्हा हात देख." तर्जनीचं टोक चपटं, नख नाही. जिन म्हणजे चामड्याचा रूळ आणि त्याला भिडलेली सुरी. दुसरी सुरी वरखाली हलत राहते, रूळ रुई ओढून नेतो, सरकी खाली गळते. ओळीने मांडलेल्या अशा यंत्रांपुढे बाया उभ्या राहून हाताने कापूस भरायच्या, दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत. सगळ्या यंत्रांना फिरवणारा एकच लांब शाफ्ट आणि त्यावरून सुटलेले पट्टे. रुई हवेत इतकी उडायची की समोरच्या बाईचं तोंड दिसत नसे. तोंडाला पदर बांधायचा, तरी रात्री खोकला. भोंगा झाला की गावातल्या चुली पेटायच्या. पगाराच्या दिवशी ती भजी घेऊन घरी यायची आणि स्वतःच्या पैशाने घेतलेल्या चांदीच्या वाळ्यांची गोष्ट अजून हसून सांगते. खोकला आणि वाळे एकाच दमात सांगते, त्यातलं एक निवडून लिहिणं मला बरोबर वाटत नाही.

1972 साली राज्यात एकाधिकार कापूस खरेदी आली. 2000 साली केंद्राचं कापूस तंत्रज्ञान अभियान आलं, स्वयंचलित जिन आल्या, हाताने भरायच्या जिन बंद पडत गेल्या. आत्याच्या जिनच्या जागी आता प्लॉट पडले आहेत, धुराडं पाडायचा खर्च परवडत नाही म्हणून ते उभं आहे. जळगावच्या खानदेश मिलच्या जागेवर बाजारसंकुल झालं. पाचोरा-जामनेर छोटी गाडी, आमच्याकडच्या भाषेत पीजे, 1919च्या सुमारास सुरू झालेली, ती 2020च्या टाळेबंदीत थांबली.

फोटोचा विषय निघाला की खानदेशात केकी मूस आठवतातच. 1912चा जन्म, चाळीसगावच्या स्टेशनाजवळचा बंगला, आणि पन्नासेक वर्षं त्या बंगल्यातच कोंडून घेतलेला माणूस. घरातल्या किरकोळ वस्तू टेबलावर मांडून ते अख्खे देखावे उभे करत आणि टिपत. पंजाब मेलने येणाऱ्या कोणाची तरी ते रोज वाट बघत, असं चाळीसगावची म्हातारी माणसं सांगतात. मला ते थोर वाटतात. पण आपल्या कामाला मूस नको, राजवाडे हवेत. इतिहासाचार्य राजवाडे आयुष्यभर वाड्यावाड्यांतून दप्तरं धुंडाळत फिरले, 1926च्या अखेरीस धुळ्यातच वारले, आणि त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ धुळ्यात उभं राहिलं. कागद वाचले. जिन, मोट, इंजिन यांच्यामागे असा कोणी फिरला नाही. यंत्राला दप्तर नसतं, त्याचं दप्तर म्हणजे ते चालवलेला माणूस.

म्हणून आता मी खोलीचा नुसता फोटो काढत नाही. आबांना चक्क्यापाशी उभं करतो आणि हँडल कसं मारायचं ते दाखवा म्हणतो. रिकाम्या हातानेच ते असं काही झोकून दाखवतात की कॅमेऱ्यात हात पुसट येतो. आत्याला विटांच्या ढिगाऱ्यापाशी नेऊन विचारलं, तर यंत्रांची ओळ कुठून कुठे होती ते तिने चालून दाखवलं. ते मी फोनवर रेकॉर्ड केलं आहे. आबांनी ते रेकॉर्डिंग ऐकलं आणि त्यातल्या दोन चुका सांगितल्या. त्याही टिपून ठेवल्या.

दिवाळीला गावी जाल तेव्हा तुमच्या मळ्यातल्या, वाड्यातल्या, जिनच्या आवारातल्या वस्तूंचे फोटो जरूर काढा. मात्र ती वस्तू वापरलेला माणूस घरात किंवा गल्लीत असेल, तर त्याला सोबत न्या. कुठून आणली, कोण चालवायचं, कशी सुरू व्हायची, कोणाला लागलं, कधी बंद पडली, एवढं विचारून फोटोच्या मागे लिहा. गावचं नाव आणि साल विसरू नका.