शेकडा दोन, पण किती दिवसांत?



गेल्या चातुर्मासात बस्तीतून परतताना शेजारच्या वहिनी आनंदाने सांगत होत्या, "काकू, मुलाच्या लेथ मशीनला पन्नास हजार कमी पडत होते. ओळखीच्या एकाने दोन टक्क्यांनी दिले. बँक तर बारा टक्के म्हणत होती!"

मी विचारलं, "दोन टक्के वर्षाला की महिन्याला?" वहिनी चालता चालता थांबल्या. दुसऱ्या दिवशी विचारून आल्या. महिन्याला! म्हणजे वर्षाला चोवीस टक्के, बँकेच्या दुप्पट.

सावकार खोटं बोलला असं नाही. आपल्याकडे व्याज फार पूर्वीपासून शेकड्यावर आणि महिन्यावरच सांगतात. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात शंभर पणांवर महिन्याला सव्वा पण हे धर्माला धरून असलेलं व्याज म्हटलं आहे, म्हणजे वर्षाला पंधरा टक्के. व्यापाऱ्यांसाठी पाच पण, जंगलातून माल नेणाऱ्यांना दहा आणि समुद्रावर जाणाऱ्यांना वीस. जितका धोका जास्त, तितका दर जास्त. बँका मात्र दर वर्षाचा सांगतात. शब्द दोन्हीकडे 'टक्के' हाच, आणि घोटाळा तिथेच होतो.

या हिशेबाचा मोठा जाणकार आपल्याच परंपरेत होऊन गेला, हे बी.कॉम. होऊनही मला पन्नाशीनंतर कळलं. महावीराचार्य हे दिगंबर जैन गणिती. राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष नृपतुंग याच्या काळात, इसवी सन ८५० च्या सुमारास, त्यांनी 'गणितसारसंग्रह' लिहिला. राजधानी मान्यखेट, म्हणजे आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातलं मळखेड. हा ग्रंथ १९१२ मध्ये मद्रासला एम. रंगाचार्यांनी इंग्रजी भाषांतरासह छापला. पुढे १९६३ मध्ये लक्ष्मीचंद्र जैन यांचा हिंदी अनुवाद आपल्या सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेत निघाला.

ग्रंथाच्या सुरुवातीला भगवान महावीरांना वंदन आहे. पुढे गणित कुठे कुठे लागतं ते सांगताना संगीत, वैद्यक, वास्तू यांच्याबरोबर सूपशास्त्र, म्हणजे स्वयंपाकही आहे! मला तर फार बरं वाटलं.

व्याजाच्या हिशेबाला त्यात पंचराशिक आहे. पंचराशिक म्हणजे माहीत असलेल्या पाच संख्यांवरून सहावी काढायची. वहिनींचं उदाहरण घ्या. १०० रुपये, १ महिना, २ रुपये व्याज. तर ५०,००० रुपये, १२ महिने, व्याज किती? २ ला ५०,००० ने गुणा, १२ ने गुणा, १०० ने भागा. उत्तर १२,०००. यातला 'महिना' गाळला तर गणित सुटतच नाही. म्हणून काळ न सांगितलेला टक्का हा अर्धाच टक्का.

दुसरा प्रकार मिश्रधनाचा. मुद्दल आणि व्याज एकत्र दिलेलं असतं, ते वेगळं करायचं. आपण दुकानात हेच करतो. समजा मिक्सर करासह २,३६० ला आणि कर १८ टक्के आहे. पुष्कळजणी २,३६० चे १८ टक्के काढतात, ४२४.८० येतात, आणि बिलाशी जुळत नाहीत. कर मूळ किमतीवर असतो. मूळ १०० चे ११८ झाले, म्हणून २,३६० ला ११८ ने भागा आणि १०० ने गुणा. मूळ किंमत २,०००, कर ३६०.

वहिनींनी पुढे बँकेचं कर्ज काढून ते पैसे फेडले. तोवर तीन महिन्यांचे ३,००० व्याज गेलं होतं. बँकेत तेवढ्याच काळाचे १,५०० झाले असते.

तेव्हा कुणीही टक्के सांगितले की दोन प्रश्न विचारायला लाजू नका: कशावर? आणि किती काळासाठी? सही त्यानंतर करा.

जय जिनेंद्र!